बर्मी म्हणजे कोण?

यांगूनच्या चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर एक बर्मी वंशाची बाई आणि तिच्या मुलानं पसंत केलेली, शान या अल्पसंख्य समाजातली मुलगी बसल्या होत्या.

“परदेशी माणसापुढे तू स्वतःला बर्मीच म्हणवतेस ना?”

“पासपोर्टपुरती, मावशी. घरी आम्ही शान.”

“आम्ही बाई दोन्हीकडे बर्मीच.”

“तुमचं बरंय. एकाच शब्दात भागतं.”

“जीभ तिखट आहे हं! उद्या लेकरू झालं की ते कोण?”

“ते मोठं झालं की सांगेल. नाव मात्र जन्मवारावरून तुम्हीच ठेवा.”

“ठेवीन. फक्त शुक्रवारी नको होऊ देऊस. शुक्रवारची माणसं फार बोलतात.”

“मी शुक्रवारचीच आहे.”

“ते पहिल्या घोटालाच कळलं,” म्हणत बाईंनी मुरवलेल्या चहापत्तीची बशी तिच्यापुढे सरकवली. “खा आता, सूनबाई.”