मोहाचा गाळ आणि माझी सोयरीक

माझं लग्न कसं जुळलं ते सांगतो, पण हळू हसा, बायको आत आहे.

मी वाळलेला आणि मुखदुर्बळ. गोंडपिपरीची मुलगी बघायला जायचं होतं, आणि ती नकार देईल, ही आईला धास्ती. आईनं ताकदीचं औषध विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "मोहफुलं दारूसाठी आंबवतात, त्या मडक्यात तळाला खमीर बसतं. त्याच्या कवचातसुद्धा प्रोटीन असतं. गाळ उकळून, वाळवून चमचाभर द्या."

"उकळलं तं कवच फुटंन, अन् ताकद सांडून जाईन," म्हणत आईनं निघताना वाटीभर ओलाच गाळ पाजला.

मुलीच्या वडिलांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं, गाणं म्हटलं आणि मुलीच्या आजीला नाचायला उठवलं. आईनं पदरात तोंड लपवलं.

मुलीचे वडील म्हणाले, "बाई, पोरगी देतो. पोरगा नेहमी असाच हसतमुख राह्यते ना?"

आई म्हणाली, "हो जी. फक्त वाटीभर पाजा लागते."