कागद नको

औषधांच्या दुकानात रांग होती. माझ्यापुढे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते, शेजारी त्यांची थोरली बहीण.

"ताई, आलीच आहेस तर उभी राहा. पण ते पुराण नको."

"मी काय वाईट सांगतेय? एक बाई ठेव, एवढंच. बायकोचे डायपर बदलणं पुरुषाचं काम आहे का?"

"सुरुवातीला मला जमलं नाही, कबूल. दर वेळी आधीचं मलम पार घासून काढायचो, भांडं घासावं तसं. कातडी लालबुंद झाली तिची."

"तेच म्हणते मी."

"मग नर्सबाईंनी झापलं. घाण तेवढी पुसा, मलम राहू द्या, टिपून कोरडं करा आणि वरून नवा थर लावा, म्हणाल्या. चार दिवसांत लाली उतरली. आता शिकलोय, तर बाई कशाला?"

"अरे, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. मी टायफॉइडनं अंथरुणात होतो, तेव्हा माझं सगळं तिनंच केलं. तेव्हा नाही म्हणालीस बाई ठेव."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दुकानातल्या मुलीनं ट्यूब दाखवली.

"आजोबा, हेच मलम ना? बाळ केवढं आहे?"

"बाळ नाही, बायको आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची. मोठी ट्यूब द्या."

मुलगी मोठी ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

"कागद नको, पोरी. ताई, ही तू हातात धर. आणि आज बाजारातून जाऊ, तू आणलंस तसं मागच्या गल्लीतून नको."