अडतिसावा नंबर

(रविवारची सकाळ. सलूनमध्ये दोनच खुर्च्या. एकीत डोक्याला कलप थापून बसलेले सर, दुसरीत तोंडभर फेस लावलेले दादा. दोघं साडू. मधे वस्तरा घेऊन सलूनवाला.)

सलूनवाला : मान हलवू नका, दादा. हातात वस्तरा आहे माझ्या.

दादा : मान हलत नाहीये, संतापानं थरथरतेय. शेजारच्या खुर्चीत हे बसलेत, हे आधी का नाही सांगितलंस?

सलूनवाला : तुम्ही कुठे विचारलंत?

दादा : तोंडासमोर पेपर धरून बसले होते. मला वाटलं, कोणीतरी सज्जन माणूस आहे.

सर : त्यांना सांगा, मी केव्हाच उठून गेलो असतो. पण कलप अर्ध्यात धुतला तर डोकं जांभळं होतं.

सलूनवाला : दादा, सर म्हणतात...

दादा : ऐकू येतंय मला. जांभळं शोभेल म्हणावं. ते वाचतात त्या पुस्तकांत सगळ्यांचीच डोकी जांभळी असतात.

सर : बघितलंत? दोन महिने झाले, अजून तेच.

सलूनवाला : आता माझं ऐका दोघंही. हे येतात नि केस कापून होईपर्यंत तुमच्या नावानं बोलतात. तुम्ही येता नि दाढी होईपर्यंत यांच्या नावानं. कान किटले माझे. म्हणून आज दोघांना एकच वेळ दिली.

दादा : म्हणजे मुद्दाम?

सलूनवाला : एकदम मुद्दाम. आधी फेस लावला, मग तोंड उघडलं. आता एक गाल झालाय, एक राहिलाय. जायचं असेल तर जा असेच.

दादा : लबाड आहेस.

सलूनवाला : सख्ख्या बहिणींचे नवरे तुम्ही. आणि भांडण कशावरून, तर वाचनालयाच्या भिंतीवर लावलेल्या कागदावरून. इस्टेटीवरून असतं तर मी समजू शकलो असतो.

सर : कागद नव्हता तो. वाचकांच्या मतांची कच्ची यादी होती. सर्वांत आवडलेल्या शंभर विज्ञानकथा आणि फँटसी. मुळात ही दोन्ही एका यादीत घालणं हाच गाढवपणा. त्यात माझं आवडतं 'नकाशाबाहेरचा डोंगर' अडतिसावं.

दादा : आणि माझं 'परतीची कक्षा' चौथं. हे सांगायचं राहिलं बरं का त्यांचं.

सर : त्यांना विचारा, चौथं कसं आलं. यांच्या बिल्डिंगमधल्या तमाम लोकांनी मत दिलं. त्यातल्या निम्म्यांनी गेल्या दहा वर्षांत लाइटच्या बिलाशिवाय काही वाचलेलं नाही.

दादा : मी त्यांना गोष्ट सांगितली होती! लिफ्टमध्ये. बटण दाबलं की सुरू करायचो, मजला आला की थांबायचो. काही जण पुढचं ऐकायला उगाच वर-खाली करायचे.

सलूनवाला : दादा, गाल फुगवा. हां. पण एवढ्यावरून बोलणं बंद?

सर : एवढ्यावरून नाही. तिथे सगळा वाचकवर्ग जमलेला. यादीसमोर उभे राहून हे मोठ्यानं म्हणाले, "अडतिसावा नंबरसुद्धा जास्तच झाला. पंख फुटलेल्या पालींची पुस्तकं आहेत ही. आठवीच्या पुढच्या माणसानं वाचू नयेत." माझे जुने विद्यार्थी उभे होते हो तिथे. फिदीफिदी हसले.

दादा : आणि हे काय म्हणाले ते? सांगा की! म्हणाले, "तुमचं पुस्तक म्हणजे लिफ्टच्या मोटारीसोबत येणारी माहितीपुस्तिका. फक्त तारे जास्त आहेत."

सलूनवाला : हे मात्र सर, जरा छान होतं.

सर : थँक्यू.

दादा : छान? माझ्या पुस्तकातली बाई एकटी जागी आहे अख्ख्या यानात. बाकी सगळे झोपलेले. ती हवेचा पंप दुरुस्त करते नि भिंतीपलीकडच्या झोपलेल्यांशी बोलत राहते. "घाबरू नका, होतंय, दोन मिनिटं." चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करताना मी आत अडकलेल्यांशी असंच बोललोय. त्याला हे माहितीपुस्तिका म्हणतात.

सर : ...हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर?

दादा : त्या दिवशी ऐकायला थांबलात कुठे? पिशवी उचलली नि चालू पडलात.

सलूनवाला : अरे वा! सरळ एकमेकांशी बोललात.

सर : चुकून झालं.

दादा : माझंही.

सलूनवाला : कसं आहे ना, मी वाचणारा माणूस नाही. पण तुमच्या दोघांच्या कृपेनं गोष्ट मला पाठ झालीय. ती बाई यानात पंप ठोकत बसलेली असते, तेवढ्यात तो डोंगर...

सर : कुठला डोंगर?

सलूनवाला : सरकणारा. तो येतो यानाजवळ.

दादा : यानाजवळ डोंगर कसा येईल? अंतराळ आहे ते!

सर : अहो, दोन वेगळी पुस्तकं आहेत!

सलूनवाला : दोन? मला तर एकच वाटत होतं. बाईच्या हातात नकाशा असतो ना?

सर : नकाशा माझ्या पुस्तकातल्या मुलीच्या हातात. बाईच्या हातात पाना असतो.

दादा : पाना नाही, टॉर्कचा पाना. साधा पाना लावला तर नट तुटेल.

सर : बरोबर. टॉर्कचा.

सलूनवाला : आणि मग रात्री डोंगर सरकतो, खालच्या गावातली घरं धडाधड पडतात, आणि...

दादा : एकही घर पडत नाही! काय ऐकलंस तू? अख्खा डोंगर रात्रीतून जागा बदलतो आणि खालच्या घरांत कपातलं पाणीसुद्धा हलत नाही. तीच तर सगळी गंमत आहे. लिफ्ट मजल्यावर टेकताना कळता कामा नये, तसा टेकतो तो. ज्यानं कोणी ते लिहिलंय, त्याला टेकणं म्हणजे काय ते कळलंय.

सलूनवाला : सर, कलप उतरतोय कपाळावर.

सर : उतरू दे. दादा, हे तुम्हाला काय ठाऊक?

दादा : काय?

सर : कपातलं पाणी. ते मी सलूनमध्ये कधी सांगितलेलं नाही. ते शेवटाकडे आहे, पहिल्या तीनशे पानांनंतर. तुम्ही वाचलंत?

दादा : नाही वाचलं.

सर : मग?

दादा : ऐकलं. हिनं वाचून दाखवलं. मी म्हटलं, विज्ञानकथा वाच. तर म्हणाली, वाचणार मी, तर मला आवडेल ते वाचणार. तुमच्या बायकोकडून आणलं होतं तिनं. गत्यंतर नव्हतं.

सर : पण वाचून का दाखवायचं? स्वतः का नाही...

दादा : तू कर ना रे दाढी. थांबलास का?

सलूनवाला : आता बुधवारी ऑपरेशन आहे म्हटल्यावर सांगून टाका की, दादा.

सर : कसलं ऑपरेशन?

दादा : झालं. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सलूनवाला : वहिनींनी सांगितलं होतं, दाढी अगदी गुळगुळीत कर, बुधवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे. हे कोणाला सांगू नको, असं नव्हत्या म्हणाल्या.

सर : दादा?

दादा : मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. आधी उजवा काढतील, मग डावा. काही विशेष नाही, हल्ली तासाभराचं काम असतं.

सर : कधीपासून?

दादा : बऱ्याच दिवसांपासून. अक्षरं आधी पुसट व्हायची. मग ओळी एकमेकींत शिरायला लागल्या.

सर : म्हणजे मागे त्या बसस्टॉपवर... मी पलीकडून हात केला होता. मीच आपणहून. म्हटलं, किती ताणायचं. तुम्ही सरळ माझ्याकडे बघितलंत आणि चालायला लागलात. घरी येऊन जेवलो नाही मी.

दादा : रस्त्यापलीकडचा माणूस मला खांबासारखा दिसतो हो.

सर : मी खांब?

दादा : हात हलवणारा खांब. मला वाटलं, वाऱ्यानं काहीतरी फडफडतंय.

सलूनवाला : हसा, हसा. पण तुम्ही हसू नका दादा, हनुवटीवर आहे मी.

सर : माझ्या बायकोला हे ठाऊक आहे?

दादा : डॉक्टर तिनंच शोधला.

सर : म्हणजे माझ्याच घरात सगळ्यांना ठाऊक. फक्त मी सोडून.

दादा : मीच सांगितलं होतं तिला, घरी बोलू नकोस म्हणून. तिच्यावर चिडू नका. आधीच बिचारी दोन्हीकडून ओढली जातेय. मला भीती वाटली, तुम्ही चारचौघांत म्हणाल, "तरीच यांना चांगलं पुस्तक दिसत नाही."

सर : असं म्हणालो असतो मी?

दादा : नसता म्हणाला?

सर : म्हणालो असतो. फार चांगलं वाक्य आहे. पण त्याआधी तुमच्याबरोबर डॉक्टरकडे आलो असतो.

दादा : हं.

सर : इतके दिवस वाचल्याशिवाय कसे काढलेत हो? तुम्ही तर जेवतानाही पुस्तक मांडीवर घेऊन बसणारे.

दादा : कसे काढले... काढले. एकदा पुस्तक हातात धरूनच बसलो होतो, उघडं. पानं उलटत. हिला वाटावं वाचतोय म्हणून. तेव्हा तिनं ओढून घेतलं हातातून आणि मोठ्यानं वाचायला लागली.

सलूनवाला : सर, तुमची वेळ झाली. धुवायला चला.

सर : दोन मिनिटं थांबा. दादा, पक्की यादी आज संध्याकाळी लागणार. मत दिलंत?

दादा : काल टाकलं पेटीत. दहा पुस्तकं क्रमानं लिहायची होती. मी सांगत गेलो, हिनं लिहिलं. पहिलं माझंच. त्यात तडजोड नाही.

सर : अपेक्षा नव्हतीच.

दादा : दुसरं तुमचं.

सर : दुसरं?

दादा : दुसरं. पहिलं का नाही तेही सांगतो. ती पंखवाली पाल गोष्टीत कशाला हवी होती? डोंगर स्वतःच सरकतोय, मुलगी नकाशा काढतेय, सगळं जागच्या जागी बसलंय. मधेच ती येते, आग ओकते नि जाते. ते प्रकरण काढून टाकलं असतं तर विचार केला असता.

सर : तिच्याशिवाय मुलीला खालचा प्रदेश वरून दिसणार कसा?

दादा : शिडी लावायची.

सर : हज्जारो फुटांची?

दादा : मग टप्प्याटप्प्यानं लावायची! बरं, ते जाऊ दे. तुमच्या दहांत माझं पुस्तक कितवं?

सर : माझ्या दहांत...

दादा : बोला, मन घट्ट आहे माझं.

सर : घातलंच नाही.

दादा : दहावंसुद्धा नाही?

सर : रागात होतो. आणि खरं सांगायचं तर मी ते अजून वाचलेलंच नाही. पहिल्या पानावर पंपाचं नि पान्याचं वर्णन आलं आणि मी मिटलं.

दादा : न वाचता माहितीपुस्तिका म्हणालात?

सर : पहिल्या पानावरून म्हणालो.

सलूनवाला : वा सर! मुलांना असेच मार्क द्यायचात का?

दादा : हसतोय मी. तू वस्तरा बाजूला घे आधी. दोन महिने! दोन महिने मी या माणसाशी मनातल्या मनात वाद घालतोय, रोज नवे मुद्दे काढतोय, आणि यांनी पुस्तकच वाचलेलं नाही!

सर : पेटीतलं मत आता परत काढता येत नाही. मी विचारून बघतो हवं तर.

दादा : काही विचारू नका. चौथंच राहील ते. बिल्डिंग आहे माझ्या पाठीशी.

सर : बरं, एक विचारू का? पहिल्या नंबरचं ते 'मिठाची सम्राज्ञी', आठ खंड. ते कोण वाचतं हो? मी दुसऱ्या खंडाच्या पुढे गेलो नाही.

दादा : मी पहिल्याच्याच. सारखं कोणीतरी कोणाचंतरी लग्न ठरवतंय.

सर : आणि मोडतंय.

दादा : त्याला पहिला नंबर!

सलूनवाला : जरा जपून. आमच्या घरात आठही खंड आहेत. बायकोनं दोनदा वाचलेत. मत तिचंही आहे पेटीत.

सर : असं? मग आमच्या दोन पुस्तकांबद्दल त्यांचं काय मत?

सलूनवाला : ती म्हणते, ठीकठाक आहेत.

दादा : ठीकठाक?

सर : ठीकठाक?

सलूनवाला : वेळ जायला बरी, असं म्हणाली.

दादा : सर, तुम्ही ऐकलंत ना हे?

सर : ऐकलं. याच्याकडे पुन्हा यायचं की नाही, यावर विचार करावा लागेल.

सलूनवाला : करा, करा. पण दोघांनी मिळून करा. या सर, बेसिनपाशी. मान खाली. पाणी गरम आहे, चटका बसला तर सांगा.

सर : दादा, बुधवारी कोण आहे बरोबर?

दादा : ही आणि तुमची ही. दोघी येणार म्हणतायत.

सर : मी येतो.

दादा : कशाला? तिथे बाहेर बसून काय कराल?

सर : काय करणार, 'परतीची कक्षा' वाचत बसेन. पंपापासून पुढे. तुम्ही आत असाल तोवर काही पानं होतील. आणि बाहेर आल्यावर पट्टी असेपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवेन. ताईंना तेवढीच विश्रांती.

दादा : तुम्ही वर्गात वाचायचात तसं वाचणार असाल, तर नको. झोप लागेल.

सर : तुम्हाला पाठ आहे ना सगळं? मग चुकलो की अडवा.

दादा : अडवणारच आहे. पंपाचं एक वाक्यसुद्धा गाळायचं नाही.

सर : नाही गाळणार.

सलूनवाला : झालं, सर. रंग काय बसलाय! दादा, तुमचीही झाली. हात फिरवून बघा गालावरून. कुठे खरखरीत लागतंय?

दादा : नाही. छान झालीय. चष्मा कुठे ठेवलास माझा?

सर : हा माझ्याकडे आहे. घाला. बाहेर ऊन फार आहे, डोळे मिटू नका एकदम.

दादा : पायरी कुठे आहे ती?

सर : पुढे. अजून एक पाऊल... हां. आता.