फेस आला तर गाडी नापास

...नाही, पण मी म्हणते, मोटरसायकल घ्यायला आलेल्या बाईला खुर्ची द्यायची, पाणी विचारायचं, आणि मग तिच्या नवऱ्याला हाताला धरून गाड्या दाखवायला न्यायचं, ही कुठली पद्धत? बोला ना! तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगते, शोरूमचं दार ढकललं मी, आत पहिलं पाऊल टाकलं मी, "मोटरसायकल बघायचीय" असं खणखणीत बोलले मी, आणि तो सेल्समन माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणतो, "या साहेब!" साहेब कोण? तर आमचे हे! जे आयुष्यभर साधी सायकलसुद्धा उतार आला की हातात धरून नेतात, ते! अहो, पण गाडी चालवणार कोण? मी!

बरं, बाईमाणसाला मोटरसायकल कशाला, हे तुमच्याही मनात आलंच असेल. सगळ्यांच्याच येतं. तर मी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेते. तपासणीसाठी हो! सकाळी उठायचं, उपाशीपोटी बसलेल्या, म्हणजे आधीच वैतागलेल्या माणसाच्या घरात शिरायचं, दंडाला पट्टा, शीर शोधा, सुई, नळी भरली की बर्फाच्या डब्यात, आणि पळा पुढच्या घरी. आता रक्ताचं असं असतं की त्याला हिंदकळलेलं चालत नाही. फार हादरे बसले की आतल्या पेशी फुटतात, आणि लॅबमधून फोन... "नमुना खराब झालाय, परत घ्या." परत घ्या! त्याच्या तीर्थरूपांचं काय जातंय? आणि माझी ती जुनी स्कूटर, तिची चाकं बशीएवढी! खड्डा आला की ही आत उतरायची, थोडा मुक्काम करायची, आणि मग वर यायची.

एक आजी आहेत. त्यांची शीर म्हणजे काय सांगू, सापडतच नाही! हात गरम पाण्यात बुडवा, चोळा, टिचक्या मारा, देवाचं नाव घ्या, तेव्हा कुठे एखादी वर येते. त्यांचा नमुना खराब झाला. दुसऱ्या दिवशी मी परत दारात. आजी म्हणाल्या, "कालचं काय केलंस? प्यायलीस?" मी काय सांगणार? 'आजी, खड्ड्यात गेलं' असं? पण मग त्यांनी मुकाट्यानं दुसरा हात पुढे केला हो... आणि पहिल्या हातावर एवढा मोठा जांभळा डाग. मला इतकं वाईट वाटलं, जिन्यात येऊन रडले मी. आणि तिथेच, त्या जिन्यात, ठरवलं. बस्स! मोठ्या चाकांची, दणकट, पेट्रोल बेतानं खाणारी मोटरसायकल. फार मोठी नको, फार चिल्लर नको. आणि चालवणार कोण? मी!

घरी सांगितलं तर धाकटे दीर आले समजूत घालायला. "वहिनी, तुम्हाला झेपेल का? गिअर असतात तिला!" गिअर असतात! जसे काही ते मिशीनं टाकायचे असतात! कॉलेजात असल्यापासून मी बाबांची मोटरसायकल चालवत आलेय. हेच दीर तापानं फणफणले होते, तेव्हा शेजाऱ्यांची मोटरसायकल काढून डॉक्टरकडे नेलं मी, भाऊजी मागे माझ्या खांद्यावर मान टाकून बसलेले, तेव्हा नाही आठवले गिअर! म्हणे, "पण लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक एकच म्हणतात, भाऊजी... ॲव्हरेज किती देते!

आमचे हे मात्र एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. हे शिंपी आहेत, पँट लांब-आखूड करून देतात, आणि स्वभावानं इतके गरीब की गिऱ्हाइकानं उलटी विजार घालून बघितली तरी म्हणतील, "छान बसलीय!" त्यांनी फक्त विचारलं, "अगं, पाय टेकतील ना तुझे?" आणि टेप घेऊन कमरेपासून टाचेपर्यंत माझं माप घेतलं. असा माणूस! शोरूममध्येही टेप गळ्यात. गेले ते सरळ एका गाडीपाशी, आणि जमिनीपासून सीटची उंची मोजायला लागले.

सेल्समन धावत! "साहेब, सीट कव्हर आम्ही फुकट देतो!"

मी म्हटलं, "ॲव्हरेज किती देते?" तर तो ह्यांना सांगतो, "साहेब, ही गाडी पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते!" मी विचारलं, "दर घरापाशी थांबायचं, बंद करायची, परत चालू करायची, तरी हुंगतेच का?" तो ह्यांना म्हणतो, "साहेब, हायवेला तर विचारूच नका!" अहो, हायवेवर कुणाचं रक्त घेऊ मी? हे बिचारे एकदा माझ्याकडे बघतायत, एकदा त्याच्याकडे, आणि टेप गुंडाळतायत.

आणि मग त्यानं काय केलं माहितेय? टेस्ट राइडची चावी काढली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी घेतली!! नाही म्हणायची सवयच नाही ना! चावी हातात धरून उभे. मी बोलणार नव्हते. खरंच सांगते, ओठ घट्ट मिटले. म्हटलं, आज मी बोलले तर ते नुसतं बायकोचं भांडण. दर वेळी मीच का ओरडायचं? सेल्समन म्हणतोय, "चला साहेब, मी मागे बसतो, तुम्ही घ्या एक राउंड, मॅडम बसतील इथे आरामात..." मॅडम बसतील! इथे! आरामात!

आणि आमचे हे, ज्यांचा आवाज दुकानाच्या काउंटरपलीकडे कधी गेला नाही, ते एकदम म्हणाले... आणि केवढ्यांदा! "मला चालवता येत नाही! हिला येते! गाडी हिची आहे, हिला विचारा!"

अख्खं शोरूम आमच्याकडे वळलं. एक बाई बिल करत होत्या, त्यांचा हात थांबला. आणि मी तुम्हाला सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाइतके हे मला कधी देखणे दिसले नाहीत. कान लालबुंद, गळ्यात टेप... जाऊ दे. मी चावी घेतली आणि पर्समधून दोन नळ्या काढल्या.

"हे काय आहे मॅडम?" 'मॅडम' म्हणाला बरं का, माझ्याकडे बघून!

"साबणाचं पाणी."

"गाडी धुऊन मिळते मॅडम."

म्हटलं, "धुवायला नाही हो! तुम्ही मागे बसा, नळ्या उभ्या धरा, आडव्या करायच्या नाहीत. फेस आला तर गाडी नापास." ही माझी स्वतःची परीक्षा! नमुना किती हिंदकळतो ते कळायला रक्त कशाला सांडायचं? पण त्या माणसाचा चेहरा! शोरूमचा नियम, टेस्ट राइडला सोबत त्यानं बसलंच पाहिजे. बसला बिचारा मागे, दोन्ही हातांत एकेक नळी, धरायला हात नाही उरला. मी पहिली नेली ती त्यानंच पुढे केलेली, लाल, चकचकीत, पट्टे बिट्टे ओढलेली. आणि मी काय सरळ रस्त्यानं नेणार? मागच्या गल्लीत घातली, जिथे रस्ता आहे की खाणकाम चाललंय कळत नाही! मागून एकच आवाज... "मॅडम, खड्डा! मॅडम, तो दुसरा! मॅडम, घरी आई आहे माझी!" परत येऊन बघितलं तर नळीत बुचापर्यंत फेस. नापास!

मग कोपऱ्यात एक राखाडी रंगाची उभी होती, साधी, तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. ह्यांनी टेप लावला आणि हळूच मान हलवली... पाय टेकतात! नळ्यांतला फेस बसू दिला आणि हिला घातली त्याच गल्लीत. मागे नळ्या, तोच माणूस, तेच खड्डे, पण ह्या खेपेला ओरडला नाही. आलो परत. दोघंही नळीत डोकावलो. फेस नाही! वर दोन-चार बुडबुडे, बास! तुम्हाला सांगते, तो माझ्याआधी ओरडला, "पास!"

घेतली! रोज चालवतेय. तेव्हापासून लॅबमधून 'परत घ्या'चा एक फोन नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणतो, "ताई, हल्ली दिसत नाही तुम्ही." चालवणार कोण म्हणून आता घरात कुणी विचारत नाही. दीर तर काल अंगणात उभे राहून मित्राला सांगत होते, "आमच्या वहिनींची आहे."

म्हणजे जिंकले ना मी? मलाही तसंच वाटलं. मग परवा शोरूममधून फोन. "मॅडम, पहिली सर्व्हिसिंग आहे, जरा साहेबांना देता?" म्हटलं, गाडी माझी आहे, मला सांगा. "बरोबर आहे मॅडम, पण साहेब कधी असतील?" मी समजावलं, चिडले, शेवटी फोन आपटला. काल परत फोन, दुसराच कुणीतरी... "मॅडम, साहेब आहेत का?" हे दुकानात. आजींच्या दाराशी मी उभी, एका हातात डबा, आत आजी उपाशी बसलेल्या. भांडायला वेळ आहे कुणाला? मी म्हटलं, "एक मिनिट हं, देते." फोन या कानाचा त्या कानाला लावला, घसा खाकरला, आवाज जाड केला आणि म्हणाले, "हां, बोला."

मिनिटभरात सगळं ठरलं! गाडी घरून नेणार, घरी आणून देणार, कुठे काही आवाज येतो का म्हणून आपणहून विचारलं. आणि वाईट कशाचं वाटतं सांगू? त्या शोरूममधलं माणूस माझ्याशी इतक्या अदबीनं पहिल्यांदाच बोललं हो!