स्वीडन दारात, पोहे गार

जगाच्या राजकारणावर तुम्ही काय वाद घालता? माझ्या बजाजनगरच्या शाळेत नववीच्या पोरांनी ते पोह्यांवर मिटवलं, ऐका.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी देशांचं नाटक बसवलं होतं. फिनलंड आणि स्वीडन जोडीनं एका लष्करी गटात यायला निघतात, पण एका जरी जुन्या सदस्यानं 'नाय' म्हटलं की दार बंद. दिगंबरला तुर्कस्तान केलं अन् बजावलं, "फिनलंडला घे, पण तुझ्या मागण्या मान्य होईस्तोवर स्वीडनला अडव. खरंच तसं झालं होतं." सदस्यांसाठी मी घरून पोहे नेले होते.

दिगंबर लई रंगात आला. स्वीडन झालेल्या आरतीला त्यानं दारातच अडवलं. फिनलंड झालेली वैष्णवी आत येऊन बसली, पण पोह्यांना हात लावीना.

"खा की गं," मी म्हटलं.

"सर, आम्ही जोडीनं आलो. तिचं पान वाढल्याबगर मी कसा घास घेऊ?"

"अगं, नाटकात तसं नाहीये!"

पण तोवर सगळ्या देशांनी प्लेटा खाली ठेवल्या. एकट्या तुर्कस्तानाच्या तोंडात घास. सगळे त्याच्याकडं बघायलेत. त्यानं तो कसाबसा गिळला अन् दाराकडं हात केला, "ये बाई, ये आत. पोहे गार व्हायलेत."

मी चिडलो. "अरे, तिला अजून वर्षभर थांबायचंय! अन् तुझ्या मागण्यांचं काय?"

आरतीसाठी सरकून जागा करत तो म्हणाला, "खाता खाता बोलू की, सर."