गाठीतले राखणदार

आर्णीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर मानीबाई आणि तिची लॅबमध्ये शिकणारी मुलगी राखी बसल्या होत्या.

“याडी,” राखी आईला म्हणाली, “आज मी तुह्या गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाह्यला.”

“कसा दिसते?”

“निळा-गुलाबी. त्यात लय पेशी कॅन्सरच्या नाहीतच. रोगाशी लढणाऱ्या हायेत, तुह्याच रक्तातल्या.”

“मंग लढत काहून नाहीत?”

“लढालेच गेलत्या. गाठीनं त्याह्यले फितवलं. आता त्याच तिले वाढवून राह्यल्या.”

“माह्याच पेशी?”

“हो. डॉक्टर म्हणे, नव्या औषधानं काही जणींच्या पेशी पुन्हा लढाले लागतात.”

मानीबाईनं पदराखालून गाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“एवढं सारं माह्या आंगात चालू हाये, अन् मले पत्ता नाही. राखी, डॉक्टरले सांग, वळवता आल्या तं वळवा त्याह्यले. चुकल्या असतीन, पण माह्या हायेत.”