एकाच बाजूचं माप

हसा, तुम्हीही हसून घ्या, सगळी गल्ली हसून झालीय... पण तुम्हाला सांगतो, माप तर मी घेतलं होतं! अहो, सत्तावीस वर्षं शिवणाचं दुकान आहे माझं, लोकांची पोटं मोजण्यात हयात गेली, आता मला कुणी माप शिकवायचं?

झालं काय, सासऱ्यांची जुनी व्हॅन. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस, आणि माझी लेक एवढीशी होती तेव्हापासून तिला शब्द दिलेला, "तू कॉलेजला निघालीस की होस्टेलपर्यंत मीच सोडणार, याच गाडीतून." रविवारी ती निघणार, आणि बुधवारी गाडीचं बेल हाउसिंग तडकलं. ते काय असतं म्हणाल, तर मला तरी कुठं ठाऊक होतं? मिस्त्रीनं ते काढून पुढ्यात टाकलं. "इंजिन इकडं, गिअरबॉक्स तिकडं, दोघांना धरून ठेवणारं हे मधलं कवच. क्लच याच्याच पोटात. जुन्या बाजारात मिळेल, पण नमुन्याला हेच घेऊन जा."

आता ते तेलकट, काळंकुट्ट धूड, मी इस्त्रीच्या शर्टात, आणि समोर सासरे उभे... जीभ वळवळली हो. म्हटलं, "मिस्त्री, धूड कशाला? माप घेणं हा माझा धंदा आहे." पुठ्ठा लावला, खडूनं भोकं आखली, कात्रीनं असा फर्मा कापला की मिस्त्रीनंही हातात घेऊन निरखला. सासरे म्हणाले, "जावई हुशार आहे माझा." तेवढं एक वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

बाजारात सतरा कवचांवर पुठ्ठा ठेवून पाहिला, अठरावं तंतोतंत! दुकानदार विचारतो, "दुसरी बाजू बघितली का?" मी म्हणालो, "अहो, माप आणलंय ना."

शनिवारी मिस्त्री बसवायला लागला. इंजिनाला असं बसलं, जणू बेतून शिवलेलं. मग गिअरबॉक्स लावायला गेला, तर सगळी भोकं दोन-दोन बोटं बाजूला. "शिंपीदादा, याला तोंडं दोन असतात. तुम्ही इंजिनाला विचारलंत, गिअरबॉक्सला कोण विचारणार? एकाच घरी विचारून लग्न ठरवतात का?" माप तर मी घेतलं होतं... पण हे इतकं हळू म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं नाही.

रविवारी लेक बसनं गेली. सासरे बंद व्हॅनमध्ये स्टिअरिंग धरून बसले होते, तिथूनच त्यांनी तिला हात हलवला. मला शब्दानं बोलले नाहीत. अहो, चार शिव्या दिल्या असत्या तर दोन घास तरी गिळता आले असते. लाज वाटते हो, खोटं कशाला बोलू.

काल ते दुकानात आले. पँटचं कापड टेबलावर ठेवलं आणि उभे राहिले. मी टेप काढला, एका पायाची उंची घेतली, टेप परत गळ्यात टाकला. आमच्या धंद्यात एकच पाय मोजतात, तशी रीतच आहे. सासरे मात्र जागचे हलेनात. शांतपणे म्हणाले, "जावईबापू, दुसराही मोजा."

काय करता... बसलो गुडघ्यावर आणि मोजला.